धडकेचा न्याय जखमेवरून: ऑन्टॅरियोतील ज्युनियर आइस हॉकीच्या पंचगिरीचे परीक्षण

मुलाला आइस हॉकीच्या स्पर्धात्मक संघात घालताना कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतातील पालक एका हंगामासाठी काही हजार डॉलर मोजतात. रिंकवर सरावाला वेळ किती मिळणार, प्रशिक्षक कोण, बाहेरगावच्या स्पर्धा किती, याची ते बारकाईने चौकशी करतात. मात्र त्याच पैशांतून आपण आणखी एक सेवा घेत असतो आणि मुलाची मान व डोके शाबूत राहणे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते, हे सहसा पहिली मोठी दुखापत होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. ती सेवा म्हणजे पंचगिरी. माझा मुलगा पंधरा वर्षांखालील गटात खेळला आणि आता त्याच्या पुढच्या गटात खेळतो आहे, म्हणजे बॉडी चेकला (प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देण्याला) परवानगी असलेल्या वयात येऊन त्याला काही काळ लोटला आहे. त्याच्या लीगमध्ये, तसेच आसपासच्या शहरांत आम्ही जे ज्युनियर (साधारण सोळा ते वीस वर्षांच्या खेळाडूंचे) सामने पाहायला जातो त्यांत, धोकादायक धडकांच्या बाबतीत पंचांचे काम कसे चालते, त्याचे हे परीक्षण आहे. लीगचे नाव मी मुद्दाम देत नाही. इथे मांडलेले दोष कोणा एका लीगपुरते नाहीत, आणि दोषांचे खापर ज्यांच्यावर फोडले जाते त्या पंचांपैकी बरेच जण स्वतःच अजून शाळकरी वयाचे आहेत.

माझे मत आधीच सांगतो. नियम चांगले आहेत, त्यांच्यामागचा विचार पक्का आहे आणि बहुतेक पंच प्रामाणिक आहेत. परंतु प्रत्यक्ष बर्फावर शिक्षा ठरते ती धडक कशी मारली गेली यावरून नव्हे, तर धडक बसलेला मुलगा उठून उभा राहिला की नाही यावरून. या एका सवयीमुळे सगळ्या चांगल्या नियमांची धार बोथट होते.

हा खेळ जवळून न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. बॉडी चेक ही ज्या वयोगटात मान्य आहे तिथे पूर्णपणे कायदेशीर कृती असते. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, ज्याच्याकडे आहे अशा प्रतिस्पर्ध्याला खांद्याने किंवा नितंबाने, समोरून अथवा बाजूने धडक देऊन त्याच्यापासून पक सुटा करणे हा तिचा हेतू असतो. हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेच्या शिकवणीत ही कृती शेवटची पायरी आहे: आधी योग्य जागा घेऊन कोन साधणे, मग स्टिकने पक काढणे, मग अंगाला अंग लावून अडवणे आणि त्यानंतर धडक. बेकायदा प्रकारांना वेगवेगळी नावे आहेत. लांबून वेग घेत जाऊन आदळणे म्हणजे चार्जिंग, असहाय स्थितीतल्या खेळाडूला कडेच्या कठड्यावर जोराने ढकलणे म्हणजे बोर्डिंग, पाठीमागून धडक देणे हा स्वतंत्र गुन्हा, आणि डोक्याला लागलेली धडक हा आणखी वेगळा. साध्या फाउलला दोन मिनिटांची मायनर पेनल्टी मिळते. गंभीर फाउलला पाच मिनिटांची मेजर, तिच्या जोडीला उरलेल्या सामन्यातून हकालपट्टी आणि पुढच्या सामन्यांसाठी निलंबन होऊ शकते. मायनर आणि मेजर यांच्यातले हे अंतर फार मोठे आहे, आणि माझी सगळी तक्रार त्या अंतराबद्दलच आहे.

एकाच हंगामात जवळजवळ लागोपाठ पाहिलेल्या दोन धडका इथे तपशिलाने सांगतो. पहिली आमच्याच संघातील मुलाने दिलेली. पक प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या कोपऱ्यात घरंगळत गेला होता आणि त्यांचा बचावपटू तो घ्यायला पाठमोरा जात होता. तो कठड्याला टेकलेला नव्हता. त्याच्यात आणि कठड्यात साधारण तीन-चार फुटांची मोकळी जागा होती, आणि ज्यांनी हा खेळ थोडाफार पाहिला आहे त्यांना ठाऊक असते की सर्वांत भयंकर जागा तीच. कठड्याला चिकटलेल्या मुलाला धडक बसली तर कठडाच त्याला आधार देतो. तीन-चार फुटांवरच्या मुलाचे शरीर मात्र पुढे फेकले जाते, त्याचे पाय मागेच राहतात आणि डोके सर्वांत आधी पोहोचते. आमचा मुलगा निळ्या रेषेपासून वेगाने आला, समोरच्या जर्सीवरचा आकडा त्याला स्पष्ट दिसत होता, तरीही त्याने पाय मारणे थांबवले नाही आणि शेवटच्या क्षणी दोन्ही हात वर करून खांद्यांच्या मधोमध धक्का दिला. हेल्मेटची जाळी काचेच्या खालच्या कडेवर आपटली आणि आवाज वरच्या बाकांपर्यंत आला. तो बचावपटू गुडघ्यांवर उभा राहिला, सुटलेला हातमोजा त्याने उचलला आणि खेळ पुढे सुरू होण्याआधी स्वतःच बाकाकडे गेला. पंचाने हात वर केला आणि निर्णय दिला: बोर्डिंग, दोन मिनिटे. आमच्या बाजूच्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरी धडक आमच्या संघातील एका मुलाला बसली. आमचा आघाडीपटू पक घेऊन मध्य रेषेकडे येत होता आणि त्याची मान खाली होती. समोरच्या बचावपटूने एक पाऊल पुढे टाकून आपला खांदा त्याच्या छातीला लावला. कोपर अंगाशी होते, स्केट बर्फावरच होते, पक तिथेच होता आणि डोक्याला स्पर्शही झाला नव्हता. प्रशिक्षणाच्या चित्रफितीत दाखवावी अशी ती नियमाला धरून दिलेली धडक होती. आमचा मुलगा पाठीवर पडला, त्याचा श्वास अडकला आणि तो तसाच पडून राहिला. ट्रेनर, म्हणजे दुखापतींकडे पाहणारे संघातील जबाबदार, धावत बर्फावर गेले, सगळे रिंक स्तब्ध झाले, दोन्ही पंच एकमेकांशी बोलले आणि त्यांनी पाच मिनिटांची मेजर देऊन त्या बचावपटूला सामन्याबाहेर काढले. आमच्या मुलाचा श्वास परत आला, ट्रेनरने त्याची सगळी तपासणी केली आणि त्याला काहीही झाले नसल्याचे स्पष्ट झाले. हकालपट्टी मात्र कायम राहिली आणि तिच्यापाठोपाठ येणारे निलंबनही.

या दोन निर्णयांमध्ये मला पंचांचा पक्षपात दिसत नाही. मला दिसते ती एक घट्ट बसलेली पद्धत, जी दोन्हीकडच्या मुलांना चुकीचे शिकवते. पहिल्या मुलाने मनात नोंद केली असणार की पाठीवर दोन हातांनी ढकलण्याची किंमत दोन मिनिटे आहे आणि तेवढी किंमत परवडते. दुसऱ्या मुलाला कळले की नियमाप्रमाणे शिकवलेली गोष्ट नियमाप्रमाणे केली तरी समोरचा कसा पडतो यावर आपले नशीब ठरते. शिक्षेचा उपयोग पुढची धडक टाळण्यासाठी व्हायचा असेल, तर ती खेळाडूच्या ताब्यात असलेल्या गोष्टींवरच ठरली पाहिजे: समोरच्याची पाठ दिसत होती का, थांबायला किंवा वळायला वेळ होता का, हात आणि कोपर कुठे होते, धडकेच्या आधी पाय थांबले का, पक तिथे होता का. जखम किती खोल झाली हे कोणाच्याही ताब्यात नसते. ती हेल्मेटचा पट्टा किती घट्ट होता यावर, मानेच्या स्नायूंवर आणि इंच-दोन इंचांच्या फरकावर ठरते.

हा वाद कॅनडाच्या ज्युनियर हॉकीत नवा नाही. ३० ऑक्टोबर २००९ रोजी किचनर येथे ऑन्टॅरियो हॉकी लीगच्या सामन्यात ईरी ऑटर्सचा वीस वर्षांचा मायकेल लियाम्बस किचनर रेंजर्सच्या सोळा वर्षांच्या बेन फनेलीवर आदळला. फनेलीच्या कवटीला फ्रॅक्चर झाले. लीगचे आयुक्त डेव्हिड ब्रँच यांनी लियाम्बसला उरलेल्या संपूर्ण हंगामासाठी आणि प्लेऑफसाठी निलंबित केले. वयाच्या मर्यादेमुळे त्याची ज्युनियर कारकीर्द तिथेच संपली. फनेली पुढे बरा होऊन त्याच संघाकडून पुन्हा खेळला. त्या निर्णयावर लोक दोन तट पडून भांडले. एक तट म्हणाला की अशा वेगाने येऊन सोळा वर्षांच्या मुलावर आदळणाऱ्या वीस वर्षांच्या खेळाडूला याहून कमी शिक्षा देणे म्हणजे कानाडोळा करणे. दुसरा म्हणाला की फनेली उठून उभा राहिला असता तर हीच धडक दोन मिनिटांच्या चार्जिंगवर निभावली असती. माझ्या मते दोन्ही तट खरे बोलत होते. शिक्षा कठोर होती आणि ती योग्यही होती; परंतु तशाच धडका एरवी दोन मिनिटांत सुटत असतील, तर दोष शिक्षेच्या कठोरपणात नसून एरवीच्या सैलपणात आहे. जानेवारी २०१० मध्ये क्वेबेकच्या ज्युनियर लीगमध्ये पॅट्रिस कॉर्मिएने मिकाएल टॅमला कोपराने मारले, तेव्हाही उरलेल्या हंगामाचे निलंबन झाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ही दोन्ही प्रकरणे लोकांना आठवतात, कारण त्यांत मुलगा बर्फावर निपचित पडला. ज्या धडकांत तो सुदैवाने उठला, त्या कोणाच्याही स्मरणात नाहीत.

नियमपुस्तकाबद्दल मात्र मी मनापासून चांगले लिहू शकतो. डोक्याला होणाऱ्या संपर्काबाबत हॉकी कॅनडाने व्यावसायिक हॉकीच्या तुलनेत फार आधी आणि फार ठाम भूमिका घेतली; मुलांच्या गटांत डोक्याला अनवधानाने झालेला स्पर्शही पेनल्टीस पात्र ठरतो. त्यामुळे डोक्याच्या बाबतीत पंचाला हेतूचा शोध घेत बसावे लागत नाही आणि आमच्या लीगमध्येही या एका नियमाची अंमलबजावणी इतर नियमांपेक्षा कितीतरी सातत्याने होताना दिसते. जो नियम पंचाला कमीत कमी अंदाज बांधायला लावतो, तो सर्वांत चांगला पाळला जातो; बोर्डिंगचा नियम नेमका याच्या उलट टोकाला आहे. तिथे धडकेची तीव्रता, कठड्यापासूनचे अंतर, समोरच्याची तयारी, सगळे काही पंचाच्या अंदाजावर सोडलेले असते.

त्यात खरोखरच अवघड असा एक प्रसंग वारंवार येतो आणि त्याबाबत पालकांनी पंचांवर ओरडणे मला अन्यायाचे वाटते. कठड्याजवळ पक सांभाळणारा खेळाडू, धडक येते आहे हे पाहून, पक वाचवण्यासाठी अगदी शेवटच्या क्षणी पाठ फिरवतो. धडक देणारा बाजूने येत असतो, पण पोहोचेपर्यंत समोर पाठ आलेली असते. उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगचा बोर्डिंगचा नियम इथे चांगली दिशा दाखवतो: समोरचा असहाय स्थितीत नाही याची खात्री करण्याची जबाबदारी धडक देणाऱ्यावर आहे, मात्र समोरच्याने धडकेच्या क्षणी किंवा लगेच आधी स्वतःला धोक्यात घातले का, याचाही विचार पंचाने करायचा आहे. हे दोन्ही भाग एकत्र वाचले पाहिजेत. आमच्याकडे धडक देणाऱ्याचा प्रशिक्षक फक्त दुसरा भाग वाचतो आणि धडक बसलेल्याचा प्रशिक्षक फक्त पहिला. पाठ फिरवणे ही वाईट सवय आहे आणि ती प्रशिक्षकांनी मोडून काढायला हवी. ऑन्टॅरियोतील विंडसर येथे १९९० च्या दशकात सुरू झालेला, जर्सीच्या पाठीवर लावायचा ‘स्टॉप’ चा लाल पट्टा याच गोष्टीची आठवण मागून येणाऱ्याला करून देतो. तरीही ज्याला समोरचे दिसते आहे त्याच्याकडे थांबण्याची संधी अधिक असते, म्हणून जबाबदारीचा मोठा वाटा त्याच्याकडेच राहिला पाहिजे असे मला ठामपणे वाटते.

आता ही सेवा देणाऱ्या माणसांकडे वळतो. मेजर ज्युनियर, म्हणजे ज्युनियरच्या सर्वोच्च, लीगमध्ये दोन पंच आणि दोन लाइन्समन (रेषा पाहणारे सहायक पंच) असे चौघे बर्फावर असतात. मुलांच्या लीगमध्ये अनेकदा तिघे असतात आणि लहान गटांत तर दोघेच, ज्यांना रेषाही पाहायच्या असतात आणि फाउलही. तिघांच्या पद्धतीत पेनल्टी देण्याचा मुख्य भार एकट्या पंचावर येतो. पक जिथे जाईल तिकडे त्याची नजर जाणार हे स्वाभाविक आहे. आणि सर्वांत धोकादायक धडकांपैकी बऱ्याच धडका पक सुटून गेल्यानंतर, म्हणजे पंचाची नजर पुढे सरकल्यानंतर बसतात. हा दोष माणसाचा नाही, रचनेचा आहे. माझ्या मुलाच्या सामन्यांतल्या पंचांमध्ये उभे राहण्याची जागा अचूक निवडणारे काही जण आहेत. पक कोपऱ्यात जाताच ते गोलरेषेच्या बाजूने असा कोन घेतात की खेळाडूंचे हात आणि कठडा दोन्ही दिसावेत. त्यांच्या सामन्यांत पाठीमागून बसणाऱ्या धडका कमी दिसतात. मुले पंचाला ओळखतात.

ऑन्टॅरियोत अठरा वर्षांखालील पंचांनी दंडावर हिरवा पट्टा बांधण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, ज्यायोगे समोर मूल उभे आहे हे बाकांवरच्या मोठ्यांना कळावे. ही प्रथा मला आवडते, आणि तिची गरज पडावी याचे वाईटही वाटते. एका सामन्यात असा पट्टा बांधलेल्या लाइन्समन मुलीला, तिने ऑफसाइड दिला म्हणून, काचेवर मुठी आपटत एक गृहस्थ शिव्या देत होते; ती वळलीदेखील नाही, पक हातात धरून फेसऑफच्या, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याच्या, वर्तुळाकडे गेली, पण तो टाकताना तिचा हात थरथरत होता. ज्या पालकांनी हंगामाच्या आधी आदराविषयीचा सक्तीचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, त्यांच्याकडूनच हे घडते. पंच टिकत नाहीत याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. अनुभवी पंच सोडून जातात, त्यांच्या जागी नवखे येतात, नवख्यांकडून मेजर देण्याचे धाडस होत नाही, त्यातून धडका वाढतात, धडकांमुळे पालक अधिक चिडतात आणि आणखी काही पंच काम सोडतात. धोकादायक धडकांबद्दल पोटतिडकीने बोलणाऱ्या प्रत्येक पालकाने हे चक्र समजून घेतले पाहिजे, कारण बाकांवरून फेकलेली शिवी शेवटी आपल्याच मुलाच्या पाठीवर येऊन आदळते.

मेजर देताना पंच हात आखडता घेतात, याचे आणखीही एक कारण आहे. मेजर आणि हकालपट्टी दिली की सामन्यानंतर लेखी अहवाल द्यावा लागतो, किमान निलंबन आपोआप लागू होते, प्रशिक्षक जाब विचारतात. दोन मिनिटे दिली की सगळे तिथेच मिटते. मुलगा बर्फावर पडून असेल तर मात्र मेजर न देणेच अधिक अवघड होऊन बसते. म्हणून पंच जखमेची वाट पाहतात, असे मी म्हणणार नाही. पण जखम त्यांचा निर्णय सोपा करते, हे मी अनेकदा पाहिले आहे. यावर उपाय सामन्याच्या सुरुवातीला आहे. पहिल्या दहा मिनिटांत उशिरा दिलेली एखादी धडक, मानेजवळ लावलेली स्टिक, शिट्टीनंतरचा धक्का, यांना पंचाने लगेच पेनल्टी दिली तर पुढचा सगळा सामना सुधारतो. ‘मुलांना खेळू द्या’ असे म्हणून जो पंच सुरुवातीला शिट्टी खिशात ठेवतो, त्याला तिसऱ्या सत्रात मेजर द्यावी लागते, आणि तोवर हिशेब चुकता करण्याच्या इराद्याने मुले एकमेकांवर धावून जात असतात.

बर्फाबाहेरच्या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त समाधान मिळाले ते ट्रेनरबद्दल. ऑन्टॅरियोत प्रत्येक संघाच्या बाकावर प्रमाणपत्रधारक ट्रेनर असावा लागतो. रोवन स्ट्रिंगर या सतरा वर्षांच्या रग्बी खेळाडूचा २०१३ मध्ये डोक्याला लागोपाठ बसलेल्या माऱ्यांमुळे मृत्यू झाला. तिच्या नावाने २०१८ मध्ये ऑन्टॅरियोत संमत झालेल्या रोवन्स लॉ या कायद्यामुळे कन्कशनची (मार बसून मेंदूला झालेल्या इजेची) शंका आलेल्या खेळाडूला लगेच खेळातून काढणे आणि टप्प्याटप्प्याने, वैद्यकीय संमतीनेच परत आणणे बंधनकारक आहे. आमच्या संघाच्या ट्रेनरने एका मुलाला, तो स्वतः ठीक आहे म्हणत असताना आणि सामना बरोबरीत असताना, केवळ त्याने बाकाकडे येताना चुकीचे दार धरले म्हणून बसवून ठेवले. प्रशिक्षकाने त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. इथे कायद्याने निर्णय जिंकण्या-हरण्याच्या हिशेबातून बाहेर काढला आहे, आणि म्हणून तो योग्य घेतला जातो.

शिस्तभंगाच्या सुनावणीचा भाग मात्र सर्वांत कमकुवत आहे. मेजरनंतर काय झाले, निलंबन किती सामन्यांचे, कोणत्या कारणाने, हे धडक बसलेल्या मुलाच्या घरच्यांना बहुतेक वेळा कळतच नाही. तक्रार करायची तर आधी चोवीस तास थांबायचे, मग संघाच्या व्यवस्थापकामार्फत लिहायचे. चोवीस तासांचा नियम शहाणपणाचा आहे, कारण रागाच्या भरात लिहिलेल्या पत्रांनी कोणाचे भले होत नाही. पण त्यानंतर येणारे उत्तर बहुधा ‘प्रकरण संबंधितांनी हाताळले आहे’ इतकेच असते. नॅशनल हॉकी लीगने २०११ पासून निलंबनांचे स्पष्टीकरण देणाऱ्या चित्रफिती प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांतील प्रत्येक निकाल मला पटतो असे नाही, पण धडक कुठे सुरू झाली, टाळता येत होती का, डोके हाच मुख्य संपर्कबिंदू होता का, हे त्यात क्रमाने सांगितलेले असते आणि पाहणारा मुलगा त्यातून शिकतो. अल्पवयीन मुलांची नावे व चेहरे जाहीर करावेत असे कोणीच म्हणणार नाही. परंतु नावे वगळून, चार ओळींत, कोणत्या कृतीसाठी कोणते निलंबन झाले हे लीगने संघांना कळवायला काहीच हरकत नसावी. आता बहुतेक सामने रिंकवरच्या कॅमेऱ्यातून किंवा कोणा पालकाच्या फोनवर चित्रित होतात. पंचाने न पाहिलेली पाठीमागची धडक नंतर चित्रफितीवरून तपासायची सोय मात्र आमच्या लीगमध्ये अजून जवळजवळ नाहीच.

ही चर्चा रिंकच्या कॉफीच्या रांगेत निघाली की दोन-तीन वाक्यांतच ती पंचांवरून मूळ प्रश्नावर येते: या वयात धडक असावीच का? याबाबत संशोधन बोलके आहे. २००७-०८ च्या हंगामात अकरा-बारा वर्षांच्या गटाची तुलना झाली होती. अल्बर्टा प्रांतात तेव्हा धडकेला परवानगी होती आणि क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्बर्टातील मुलांना सामन्यात दुखापत होण्याचा धोका तिपटीहून अधिक आढळला. अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये त्या गटातून धडक काढून टाकली. खेळातील कन्कशनविषयी २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या परिषदेच्या निवेदनानुसार मुलांच्या हॉकीत धडकेवर बंदी घालणाऱ्या धोरणामुळे सामन्यांतील कन्कशनचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच, धडक फक्त सर्वोच्च स्तरावर आणि तीही पंधराव्या वर्षाआधी नको, अशी शिफारस केली होती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की उशिरा शिकणारा मुलगा मोठा व जड झाल्यावर अधिक धोक्यात येतो. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. अल्बर्टा-क्वेबेकची तुलना करणाऱ्याच संशोधकांनी पुढच्या वयोगटाकडे पाहिले तेव्हा, आधी धडकेचा अनुभव असलेल्या आणि नसलेल्या मुलांच्या एकूण दुखापतींत व कन्कशनमध्ये फरक आढळला नाही, पण आठवड्याहून अधिक काळ बाहेर बसवणाऱ्या दुखापती अनुभवी मुलांत काहीशा कमी होत्या. मला हा पुरावा धडक लवकर सुरू करण्यासाठी अपुरा वाटतो, कारण तो थोडासा फायदा मिळवण्यासाठी आधीची दोन वर्षे तिप्पट धोका पत्करावा लागतो. त्यातून घ्यायचा धडा वेगळा आहे: धडक येण्याआधीच्या वर्षांत धडक घ्यायला शिकवा. कठड्याजवळ तिरके जाणे, मान वर ठेवणे, शरीर कठड्याला चिकटवणे, हे सर्व धडक न मारताही सरावात शिकवता येते. चांगले प्रशिक्षक ते शिकवतात. आमच्या संघाला असे प्रशिक्षक मिळाले, आणि माझा मुलगा आज कोपऱ्यात जाताना आधी खांद्यावरून मागे पाहतो, त्याचे श्रेय त्यांचे आहे.

एकंदरीत या सेवेला मी पाचपैकी तीन गुण देतो. नियम आणि ट्रेनरची व्यवस्था यांना मिळून चार, बर्फावरच्या निर्णयांना तीन, आणि सुनावणीला जेमतेम दोन. ज्या घरांत मूल आता धडकेच्या वयात येत आहे, त्यांनी नाव नोंदवण्याआधी लीगला विचारावे की त्या गटाच्या सामन्यांना किती पंच असतात, चित्रफीत पाहून नंतर कारवाई होते का, आणि निलंबनाचे कारण समोरच्या संघाला कळवले जाते का. मूल हौसेपुरते खेळत असेल तर धडक नसलेला गट सरळ निवडावा. तिथे स्केटिंग आणि पास यांचा आनंद तसूभरही कमी नाही. आमच्या मुलाला स्पर्धात्मक गटातच राहायचे आहे आणि त्याचे नाव आम्ही पुढच्या हंगामासाठी नोंदवले आहे. काही पालकांनी मिळून आम्ही लीगकडे लेखी मागणी केली आहे की पाठीमागून दिलेल्या प्रत्येक धडकेची, मुलगा उठला असला तरी, पंचाने अहवालात नोंद करावी आणि एकाच खेळाडूच्या नावावर अशा दोन नोंदी झाल्या की त्याची सुनावणी व्हावी. ही मागणी लीगच्या वार्षिक सभेपुढे येणार आहे, आणि तिच्या बाजूने बोलायला तयार असलेल्यांत हंगामभर आमच्या सामन्यांना पंच म्हणून आलेले दोघे जण आहेत.